पोलाद मऊ करण्याची विद्या

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पोलाद म्हटले की आपल्याला कडकपणा आठवतो. मनगट पोलादी असते, निर्धार पोलादी असतो, तटबंदीही पोलादी असते. भाषेत पोलाद कधी मऊ होत नाही. लोहारशाळेत मात्र ते मऊ करावे लागते. धार धरणारे कडक पोलाद कानशीला दाद देत नाही, त्याला भोक पडत नाही, त्याच्यावर छन्नी चालत नाही. म्हणून आधी त्याचा कडकपणा काढून घ्यायचा, मग आकार द्यायचा, आणि शेवटी कडकपणा परत द्यायचा, असा हा तीन टप्प्यांचा व्यवहार आहे.

यातल्या शेवटच्या टप्प्याला आपण ‘पाणी देणे’ म्हणतो. त्याचे कौतुकही खूप. तलवारीचे पाणी पाहतात, माणसाचेही पाणी जोखतात. पहिल्या टप्प्याच्या वाट्याला असे एकही वाक्य आलेले नाही. तांत्रिक परिभाषेत त्याला ‘अनुशीतन’ म्हणतात, आयटीआयमधली मुले ‘ॲनीलिंग’ म्हणतात. साध्या बोलण्यात ते ‘मऊ करून घेणे’ एवढेच. आज या दुर्लक्षित पहिल्या टप्प्याविषयी बोलायचे आहे. हल्ली पुष्कळ तरुण मंडळी छंद म्हणून घरच्या घरी सुरी घडवू लागली आहेत. त्यांचे काम नेमके इथेच अडते. आणि ज्या विद्येने ते सुटते, ती आपल्या गावांत शतकानुशतके नांदलेली आहे.

भाताच्या मुलखात

पुण्याहून पौडच्या रस्त्याने निघाले आणि पिरंगुट ओलांडले, की घोटावडे फाटा येतो. त्याच परिसरात भरे हे गाव आहे. मुळशी तालुका पावसाचा आणि भाताचा. उन्हाळ्यात राब भाजायचे, पावसाळ्यात लावणी, दिवाळीच्या आगेमागे कापणी. गेल्या काही दशकांत पिरंगुट, भरे, उरवडे, कासार आंबोली या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. आज एकाच शिवारात एका अंगाला भाताची खाचरे दिसतात आणि दुसऱ्या अंगाला पत्र्याच्या शेडमधून लेथ मशीनचा आवाज येतो. भात आणि पोलाद यांची ही शेजारधर्माची गाठ नवी वाटते. प्रत्यक्षात ती फार जुनी आहे. ती कशी, ते पुढे येईलच.

भातशेतीला हत्यारे लागतात ती निराळ्या घडणीची. राबासाठी झाडाच्या फांद्या तोडायला कोयता लागतो. कमरेच्या आकडीत अडकवलेला कोयता ही मावळातल्या आणि कोकणातल्या कष्टकरी माणसाची ओळखच होती. कापणीला विळा, बेणणीला खुरपे, लाकडाला कुऱ्हाड, बांधाला कुदळ आणि पहार. ही सगळी हत्यारे लोहाराच्या ऐरणीवर घडत. बारा बलुतेदारांत लोहार होता तो यासाठी. सुगीच्या वेळी धान्य द्यायचे आणि वर्षभर त्याने हत्यारे नीट राखायची, असा हिशेब. बोथट झालेले तोंड तापवून, ठोकून पुन्हा काढायचे याला ‘शेवटणे’ म्हणत. फाळ शेवटायचा, कुऱ्हाड शेवटायची. गावात लोहार नसेल तिथे घिसाडी येत. त्यांचा भाता, ऐरण आणि संसार एकाच बिऱ्हाडात असे.

आता विळ्याचेच उदाहरण घ्या. भाताच्या काडीवर गुळगुळीत धार सरकते, म्हणून कापणीचा विळा पुष्कळदा दात्यांचा असतो. हे बारीक दाते तापलेल्या लोखंडावर नीट पाडता येत नाहीत. पाते थंड असताना छन्नीने एकेक दाता पाडावा लागतो. पाते कडक असेल तर छन्नीच बोथट होईल. म्हणजे पाते आधी मऊ पाहिजे, दाते पाडून झाले की कडक पाहिजे. जुन्या काळी कानशीसुद्धा अशाच हाताने बनत. इंग्लंडमधल्या शेफिल्डला कानशीचे दाते पाडणाऱ्यांची स्वतंत्र जमात होती. आधी मऊ करून घेतलेल्या पट्टीवर ते छन्नीने शेकडो बारीक टाके मारत आणि मग तिला पाणी देत.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. लोखंड लालबुंद असताना नुसते ठोकायचे असेल तर वेगळे मऊ करण्याची गरज नसते, उष्णतेनेच ते नरम झालेले असते. मऊ करून ठेवण्याची गरज पडते ती थंड काम करताना, म्हणजे कानस, छन्नी, करवत आणि ड्रिल चालवताना. घरी सुरी करणाऱ्या माणसाकडे घण मारणारा जोडीदार नसतो, मोठी भट्टी नसते. त्याचे बहुतेक काम कानशीने आणि ड्रिलने चालते. म्हणून लोहारापेक्षाही त्याला या विद्येची गरज जास्त.

तांबटाचे उलटे, लोहाराचे सुलटे

पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत तांब्यावर ठोके पडत आले आहेत. तांब्याचा पत्रा ठोकून ठोकून कडक होतो, पुढे तडकायला लागतो. मग तांबट तो तापवून मऊ करून घेतो. तापवलेले तांबे हवेत निवू द्या किंवा पाण्यात बुडवा, ते मऊच राहते. पोलादाचे तसे नाही. लाल झालेले पोलाद पाण्यात घातले तर काचेसारखे कडक आणि ठिसूळ होते. तेच पोलाद त्याच उष्णतेवरून अगदी हळूहळू निवू दिले तर मऊ होते. धातू तोच, विस्तव तोच. फरक फक्त थंड होण्याच्या वेगात.

असे का होते, हे कळायला माणसाला फार उशीर लागला. पोलाद म्हणजे लोखंड आणि थोडासा कार्बन. सुरीच्या पोलादात तो शेकडा अर्धा ते एक भाग असतो. हा फरक कार्बनमुळे पडतो हे अठराव्या शतकाच्या अखेरीस युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांनी दाखवले. शेफिल्डच्या हेन्री सॉर्बीने १८६३ पासून घासून-पुसून लख्ख केलेले पोलाद सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला सुरुवात केली, तेव्हा आतली रचना प्रथम डोळ्यांना दिसली.

ती थोडक्यात अशी. सुमारे ७२७ अंश सेल्सिअसच्या वर लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलू लागते आणि नव्या मांडणीत कार्बन विरघळून जातो. पोलाद एकदम थंड केले तर कार्बनला बाहेर पडायला सवड मिळत नाही. तो आतच अडकतो, मांडणी ताणली जाते आणि पोलाद कडक होते. हळू थंड केले तर कार्बन लोखंडाशी संयोग पावून वेगळा होतो आणि मऊ लोखंडाच्या व कडक संयुगाच्या पातळ पापुद्र्यांची रचना तयार होते. तिची झळाळी मोत्याच्या शिंपल्यासारखी दिसते, म्हणून तिला ‘पर्लाइट’ नाव पडले. मऊ केलेल्या पोलादात मुख्यतः हे पापुद्रे असतात. ते सावकाश जमतात, त्यांना वेळ द्यावा लागतो. ऐरणीजवळच्या माणसाला पापुद्रे माहीत नव्हते. वेळ द्यावा लागतो हे मात्र पक्के माहीत होते.

कोनसमुद्रमची चार तापवणी

याचा लेखी पुरावा आपल्या शेजारीच आहे. मराठीत पोलादाला ‘तिखे’ असा जुना शब्द आहे, संस्कृत ‘तीक्ष्ण’वरून आलेला. मोल्सवर्थच्या कोशात तो सापडतो. ‘पोलाद’ हा शब्द फारसी. शब्द तिकडून आला, आणि गंमत अशी की माल इकडून तिकडे जात होता. दख्खनच्या मुशीतले पोलाद, ज्याला इंग्रजांनी पुढे ‘वुट्झ’ म्हटले, ते इराणपर्यंत विकले जात होते. त्याचे एक मोठे ठिकाण म्हणजे निझामाच्या राज्यातले कोनसमुद्रम. हे गाव आज तेलंगणात, निजामाबादच्या बाजूला आहे. आपल्या नांदेड जिल्ह्याची हद्द तिथून फार दूर नाही.

हेन्री व्हॉयसी हा इंग्रज डॉक्टर आणि भूगर्भतज्ज्ञ विल्यम लॅम्बटनच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात नोकरीला होता. हे सर्वेक्षण दक्षिणेकडून वर सरकत होते. लॅम्बटनचा मृत्यू १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला झाला, त्याची कबर तिथेच आहे. व्हॉयसीही पुढच्याच वर्षी गेला. कोनसमुद्रमच्या पोलादाविषयी त्याने लिहून ठेवलेला वृत्तान्त कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात १८३२ मध्ये छापला गेला.

दोन वेगवेगळ्या ठिकाणचे लोखंड ठराविक प्रमाणात मिसळून मुशीत भरत, ती बंद करून सुमारे एक दिवसभर भट्टीत ठेवत. निवल्यावर आत पोलादाची वडी मिळे. लोक इथपर्यंतची गोष्ट सांगतात आणि थेट दमास्कसच्या तलवारीवर उडी मारतात. व्हॉयसी मात्र पुढचेही लिहितो. मुशीतून निघालेली वडी विलक्षण कडक असे. तिच्यावर मातीचा लेप देऊन ती पुन्हा बारा ते सोळा तास भट्टीत तापवत आणि निवू देत. मग पुन्हा तापवत, पुन्हा निवू देत. असे तीन-चार वेळा केल्यावर ती घडवण्याइतकी मऊ होई.

म्हणजे हिशेब पाहा. पोलाद तयार करायला एक दिवस आणि ते मऊ करायला दोन-तीन दिवस. कोळसा, भाता आणि जागरण यांचा मोठा वाटा मऊ करण्यातच जात होता. व्हॉयसीला तिथे इस्फहानहून आलेला हाजी हुसेन नावाचा व्यापारी भेटला होता. एवढ्या लांबून माणूस माल न्यायला येतो, तो या तीन-चार तापवण्यांनंतरच्या मालासाठी. त्या व्यापाऱ्याचे नाव आज आपल्याला सांगता येते. रात्रभर भट्टीशी बसणाऱ्या कारागिरांची नावे इतिहासाच्या पुस्तकांत आली नाहीत.

आता भाताची गोष्ट. या दख्खनी मुशींचे तुकडे अभ्यासकांनी तपासले, तेव्हा त्यांच्या मातीत भाताचे तूस मिसळलेले आढळले. तूस भट्टीत जळून कोळसा होतो, पण त्याचा सांगाडा टिकतो, कारण भाताच्या तुसात सिलिका भरपूर असते. त्यामुळे एवढ्या उष्णतेत मूस तडकत नाही. ज्या तुसाला आपण टाकाऊ समजतो, त्याने त्या काळचे जगातले एक उत्तम पोलाद आपल्या पोटात वागवले.

हे पोलाद परदेशी पोहोचले तेव्हा काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. मुंबईचे डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये वुट्झचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीच्या अध्यक्षांकडे पाठवले. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला. मायकेल फॅरेडेनेही १८१९ नंतरची काही वर्षे जेम्स स्टोडार्ट या सुऱ्या-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराबरोबर या पोलादावर प्रयोग केले. युरोपातल्या अनेक लोहारांची तक्रार एकच होती, की हे पोलाद घडवताना फुटते. आपल्या नेहमीच्या सवयीने ते त्याला फार तापवत. मुशीतल्या पोलादात कार्बन जास्त असल्यामुळे ते बेताच्या उष्णतेवरच घडवावे लागते. वडी जहाजातून गेली, ती मऊ करण्याची आणि बेताने तापवण्याची रीत तिच्याबरोबर गेली नाही.

दुसऱ्याचे पोलाद

आपल्या सह्याद्रीतही लोखंड गाळले जात होते. महाबळेश्वरच्या डोंगरावर धावड लोक तिथल्या तांबड्या दगडातून लोखंड काढत. एकोणिसाव्या शतकात जंगले राखीव होऊ लागली, कोळसा मिळेना, आणि विलायती लोखंड बंदरात स्वस्त उतरू लागले. भट्ट्या विझल्या. मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ मध्ये सुरू झाली, खंडाळा-पुणे १८५८ मध्ये आणि बोरघाट १८६३ मध्ये पार झाला. रुळाबरोबर मोडके रूळ, जुन्या कमानी, खिळे, सळया असे बाद लोखंडही गावोगाव पोहोचू लागले.

परके पोलाद आपल्याला नवे नव्हते म्हणा. मराठ्यांची ‘फिरंग’ ही तलवारच युरोपातून आलेल्या पात्याची, आणि तिचे नावही त्यावरूनच पडलेले. पण रेल्वेनंतर हा प्रकार मोजक्या सरदारांपुरता राहिला नाही, प्रत्येक खेड्यातल्या लोहारापर्यंत आला. आतापर्यंत त्याला मिळणारे लोखंड कच्चे असे, त्याला कडक कसे करायचे हा प्रश्न होता. आता दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या कामासाठी आधीच कडक केलेले पोलाद त्याच्यापुढे आले. त्याला आधी मऊ करणे भाग पडले.

काही माल तर त्याच्या हाताबाहेरचाच होता. किर्लोस्करवाडीचा कारखाना १९१० मध्ये सुरू झाला आणि लोखंडी नांगर शेतात आले. त्या नांगरांचे बिडाचे ओतीव फाळ गावच्या लोहाराला शेवटता येत नसत. बीड ठोकले की फुटते. झिजलेला फाळ काढून नवा बसवायचा, ही कल्पना तिथपासून रुजली.

मुळशीकरांना परक्या लोखंडाचा अनुभव आला तो धरणाच्या निमित्ताने. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी मुळा नदीवर धरण बांधायचे काम निघाले आणि जमिनी जाणार म्हणून १९२१ मध्ये सत्याग्रह सुरू झाला. सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. १९२४ पर्यंत लढा चालला, धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. गाव उठले की त्याचे बलुतेही उठते. शेती गेल्यावर शेवटायला फाळ कुठून येणार? भरे धरणाच्या खालच्या अंगाला असल्याने बुडाले नाही. पण शेतीच्या आधाराने चालणारे कसब शेती हलली की हलते, हा धडा या तालुक्याने फार लवकर घेतला.

पुढचा मोठा बदल ट्रकने घडवला. १९५४ पासून टाटांच्या कारखान्यातून डिझेल ट्रक बाहेर पडू लागले. साठच्या दशकात पुण्याभोवती मोटारउद्योग वाढला. ट्रक आला तसा कमानपाटा आला, म्हणजे चाकावरचा भार पेलणाऱ्या वाकलेल्या पट्ट्या. त्या लाखो हिसके खातात, कधीतरी एखादी मोडते आणि भंगारात पडते. तिच्यात शेकडा अर्धा ते पाऊण भागाच्या दरम्यान कार्बन असतो, शिवाय सिलिकॉन, मँगेनीज किंवा क्रोमियम. लोहाराच्या दृष्टीने हे घरपोच आलेले तिखेच. आज महाराष्ट्रात रस्त्याकडेला बसून घडवलेले कोयते, कुऱ्हाडी, सुरे पाहिले तर बहुतेकांचा मूळ पुरुष ट्रकचा पाटा निघेल. इकडे पाटा, तिकडे जुनी कानस. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवारच्या गर्दीत अशा कानशींचे ढीग कितीतरी वर्षे लोक चिवडत आले आहेत.

घरी मऊ करायचे तर

आता प्रत्यक्ष रीत. पाटा निवडताना त्यावर केसासारखी चीर आहे का ते पाहावे. मोडलेल्या पाट्यात अशा चिरा दडलेल्या असतात आणि सुरी पूर्ण झाल्यावर नेमक्या तिथेच उघड्या पडतात. रंग, ग्रीस खरवडून काढावे. जस्ताचा मुलामा दिलेली वस्तू कधीही भट्टीत घालू नये, तिचा धूर विषारी असतो.

मग तापवणे. पोलाद किती तापले हे रंगावरून ओळखतात, पण उन्हात रंग फसवतो, म्हणून लोहारशाळेत अंधार ठेवतात. डाळिंबी लाल रंग सगळीकडे सारखा दिसला पाहिजे. नवशिक्याला चुंबकाची मदत घेता येते. सुमारे ७७० अंशांना लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. पाट्याचे पोलाद असेल तर चुंबक सुटल्यावर अजून थोडे तापवावे आणि आतपर्यंत उष्णता पोहोचेल इतका वेळ ठेवावे. केशरी-पिवळ्या रंगापर्यंत नेऊ नये, त्याने पोलादाचे कण मोठे होतात आणि पाते पुढे ठिसूळ निघते.

यानंतरचे काम राखेचे. पोलाद बाहेर काढताच कोरड्या राखेत खोल पुरायचे. राख उष्णता धरून ठेवते, बाहेरची हवा आत येऊ देत नाही. ओलसर राख उलटे काम करते, म्हणून ती आधी परतून कोरडी करावी. कोरडी चुन्याची भुकटीही चालते. आणि भाताच्या मुलखात तर सर्वांत चांगली राख दारात पडलेली असते. तुसाच्या राखेत बहुतांश सिलिका असते, ती हलकी आणि सच्छिद्र, म्हणून उष्णता फार कमी वाहू देते. आधुनिक पोलाद कारखान्यांत वितळलेल्या पोलादाच्या रसावर त्याची उष्णता टिकावी म्हणून तुसाची राख पसरतात. मुळशीतल्या भातगिरणीमागचा ढीग आणि पोलाद कारखाना यांचे हे नाते फारसे कुणी ध्यानात घेत नाही. ही राख हाताळताना नाकाला फडके मात्र बांधावे, तिची धूळ फुप्फुसांना वाईट.

पाते पातळ असेल तर राखेतही ते लवकर निवते. अशा वेळी शेजारी एखादा जाड लोखंडी तुकडा लाल करून पुरतात, म्हणजे दोघे मिळून ऊब धरतात. संध्याकाळी पुरलेले सकाळीच काढावे. मध्ये उकरून पाहू नये. वर गार दिसणारी राख आत हात भाजण्याइतकी तापलेली असते, घरात लहान मुले असतील तर हे विशेष ध्यानात ठेवावे.

राखेबरोबर दुसरा जुना मार्ग चुलीचा. रात्री निखारे राखेने झाकून विस्तव राखून ठेवायचा आणि सकाळी फुंकर घालून पुन्हा फुलवायचा, ही आपल्या आज्यांची रोजची रीत होती. त्याच निखाऱ्यांत एखादी जुनी कानस खुपसून ठेवली तर पहाटेपर्यंत ती पुष्कळ मऊ होते. लाल व्हायच्या आसपासच्या उष्णतेवर बराच वेळ राहिले, तरी पोलादाचा कडकपणा उतरतो.

मऊ झाले की नाही हे कानस सांगते. कानस घसरली आणि काच खरवडल्यासारखा आवाज आला तर काम फसले, पुन्हा तापवावे. कानस धरली आणि कीस पडू लागला की आकार द्यायला, मुठीसाठी भोके पाडायला हरकत नाही. वरची काळी खपली घासून काढावी, कारण तापवताना पृष्ठभागावरचा थोडा कार्बन जळून जातो.

सगळ्या पोलादांना राख पुरत नाही. कानशीत शेकडा एकाहून जास्त कार्बन असतो. ती फार तापवून फार सावकाश निववली तर तिच्यात कडक संयुगाची जाळी धरते आणि पाते कडेला फुटते. तिला चुंबक सुटेपर्यंतच तापवावे. यंत्रकरवतीचे हायस्पीड पोलाद आणि सुरीचे बरेचसे स्टेनलेस पोलाद तर नुसत्या हवेतही कडक होते. त्यांना तासाला ठराविक अंशच उतरणारी विजेची भट्टी लागते. घरच्या छंदासाठी कमानपाटा हाच शहाणपणाचा.

आकार झाल्यावर पुन्हा लाल करून तेलात बुडवायचे. पाट्याच्या पोलादाला पाण्याचा झटका सोसत नाही, ते तडकते. शेवटी दोनशे अंशांच्या आसपास तासभर, एकदोनदा शेकायचे, म्हणजे कडकपणा राहून ठिसूळपणा जातो. घासलेल्या पात्यावर वाळल्या गवतासारखा पिवळा रंग आला, की थांबायचे. कायद्याचेही भान असावे. घरगुती, शेतीच्या किंवा कारखान्याच्या कामासाठी नसलेले नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पाते शस्त्र नियमांच्या कक्षेत येते.

कोयत्याचे नाव

हे सांगायला एक कारण आहे. अलीकडच्या काळात पुण्यात ‘कोयता’ हा शब्द गुन्ह्यांच्या बातम्यांतच जास्त दिसू लागला. २०२३ च्या सुरुवातीला कोयता विकताना गिऱ्हाइकाचे ओळखपत्र पाहावे, असे पोलिसांनी विक्रेत्यांना बजावल्याच्या बातम्या आल्या. बंदोबस्त व्हायलाच हवा, त्याबद्दल दुमत नाही. पण ज्या हत्याराने राब झाला, ऊस तुटला, नारळ सोलला, त्याच्याकडे नुसत्या संशयाने पाहण्याची सवय लागली, तर त्याला घडवणाऱ्या हातांकडेही आपण तसेच पाहू लागू. लोहाराचा धंदा आधीच तयार मालाने आणि ट्रॅक्टरने अर्धा केला आहे. उरलेला अर्धा बदनामीने जाऊ नये.

छंदी मंडळींकडून म्हणूनच एक अपेक्षा आहे. ती परदेशी कारागिरांच्या चित्रफिती पाहून शिकतात, महागडे उष्णतारोधक पदार्थ मागवतात. शिकावे, जिथून मिळेल तिथून शिकावे. पण मुळशीत, मावळात, भोरला ज्या गावात अजून भाता चालतो, तिथल्या म्हाताऱ्या लोहारदादांकडे एक कमानपाटा घेऊन जावे. हा मऊ कसा करता, राख कशाची घेता, किती वेळ ठेवता, फसला हे कशावरून ओळखता, असे चार प्रश्न विचारावेत. ते सांगतील ते त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून घ्यावे आणि वर त्यांचे नाव, गावाचे नाव आणि तारीख घालावी. कोनसमुद्रमला वही घेऊन जाणारा एक परका डॉक्टर निघाला, म्हणून तीन-चार तापवण्यांची गोष्ट आज आपल्याला माहीत आहे. भरे आणि आसपासच्या गावांतली गोष्ट लिहून ठेवायला बाहेरून कुणी यायची गरज नाही.